आनंदीबाईंकडे पासपोर्ट नव्हता



आठ मार्चच्या कार्यक्रमात आम्ही डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगितली होती. त्यानंतरच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, इतिवृत्ताची वही मिटली आणि एका मावशींनी विचारलं, "त्या आनंदीबाईंनी पासपोर्ट कुठून काढला असेल गं? आपल्या पोरीच्या पासपोर्टासाठी तर आपल्या चपला झिजल्या." सगळ्या हसल्या. आम्हाला मात्र उत्तर देता आलं नाही. आम्ही इतिहास घेऊन बी.ए. केलं, गटांचं काम बघायला लागूनही बरीच वर्षं झाली, तरी हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

मग आम्ही शोधून वाचलं. आनंदीबाईंकडे पासपोर्ट नव्हताच, व्हिसाही नव्हता. १८८३ साली शिकायला जाणाऱ्याला या दोन्ही गोष्टी लागत नव्हत्या. मग त्यांना काय लागलं? आणि आपल्या पोरींना आज एवढे कागद का लागतात? तेच आज सांगायचं आहे. गटातून कर्ज घेताना आपण एकमेकींना जामीन राहतो ना, तो शब्द लक्षात ठेवा. परदेशी शिकायला जाणाऱ्याला जामीन कोण, असाच हा सगळा इतिहास आहे.

माणूस जामीन होता तेव्हा

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईला दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे दुःख त्यांनी स्वतः सोसलं होतं. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोला शिकवायचं म्हणून त्यांनी कोल्हापूरला असताना अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी ते वाचलं आणि उत्तर पाठवलं. ना ओळख, ना पाळख. पत्रांनीच दोघींची मावशी-भाचीची माया जुळली.

हाच आनंदीबाईंचा पहिला जामीन. तिकडे उतरल्यावर राहायचं कुठे, याचं उत्तर त्या पत्रांत होतं.

इकडे मात्र लोक खवळले होते. समुद्र ओलांडला की जात जाते, असं मानायचे दिवस ते. आनंदीबाई तेव्हा बंगालमध्ये श्रीरामपूरला राहत होत्या. २४ फेब्रुवारी १८८३ ला तिथल्या कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या आणि मी अमेरिकेला का जाते, हे त्यांनी लोकांसमोर इंग्रजीत सांगितलं. वय अठराच्या आतलं. आज व्हिसाच्या खिडकीवर साहेब विचारतो, तुम्ही का जाता, खर्च कोण करणार, शिकून परत येणार का? आनंदीबाईंना हेच प्रश्न आपल्या माणसांनी विचारले आणि त्यांनी भरसभेत उत्तरं दिली. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्दही दिला. त्या भाषणाची बातमी झाली, मदत येऊ लागली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी २०० रुपये दिले. घरचे दागिनेही मोडले गेले.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली. अठरा वर्षं पुरी होऊन एकच आठवडा झाला होता. यजमान बरोबर नव्हते, सोबतीला मिशनरी बायका होत्या. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या आणि कार्पेंटरबाई त्यांना घरी घेऊन गेल्या. अमेरिकेने त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, कायदा करून चिनी मजुरांना येण्याची बंदी केली होती. म्हणजे दार सगळ्यांना उघडं होतं असं नाही. पण हिंदुस्थानातून शिकायला आलेल्या पोरीकडे कागद मागायचा नियम तेव्हा नव्हता.

११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. आजारी होऊनच परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वय एकवीस.

आनंदीबाईंच्या मागे आणखी दोघी गेल्या, त्या आपल्याला जवळच्या. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला विलायतेला जायला सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती यांना मिळाली नाही, कारण या बाई होत्या. मग इंग्लंडमधल्या ओळखीच्या लोकांनी पैसे जमवले आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या. त्यांच्याकडे गुण होते, हक्क होता, तरी शेवटी जामीन राहायला माणसंच शोधावी लागली.

दुसऱ्या रखमाबाई. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावून दिलं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. नवऱ्याने कोर्टात ओढलं. १८८७ साली मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. पुढच्याच वर्षी त्या लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. परत आल्यावर त्यांनी कितीतरी वर्षं सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात काम केलं. आपण नवापूर-नंदुरबारच्या बाया दुखणंखुपणं घेऊन, नाहीतर कामाला म्हणून ज्या सुरतेला जातो, तिथेच. आता सुरतेची गाडी पकडाल तेव्हा रखमाबाईंची आठवण काढा.

राजा जामीन झाला तेव्हा

माणसाच्या जागी राज्य जामीन राहिलं, त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हुशार मुलांना शिकायला परदेशी पाठवत. गायकवाडांची जुनी राजधानी आपल्या नवापूरच्या शेजारी सोनगडला होती. तो किल्ला आपण येता-जाता बघतो. १९१३ साली महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिन्याला साडेअकरा पौंड. त्याआधी करार लिहून घेतला, की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. त्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. तेव्हाही पासपोर्टची सक्ती नव्हती.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचं शिक्षण अर्धं टाकून यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. सामान ज्या बोटीत होतं ती बुडवली गेली, पुस्तकं गेली. पण ते हरले नाहीत. मुंबईला प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्राने उसने दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

मधल्या सात वर्षांत एक गोष्ट बदलली होती. १९१३ ला जाताना जो कागद लागत नव्हता, तो १९२० ला लागू लागला होता.

पुस्तिका कशी आली

लढाई सुरू झाली आणि सगळ्या सरकारांना हेरांची भीती वाटू लागली. कोण येतो, कोण जातो, हे त्यांना कळायला हवं होतं. आपल्याकडे १९१५ साली भारत संरक्षण कायदा झाला. त्याखाली देशाबाहेर जायला आणि आत यायला पासपोर्ट लागेल, असा नियम आला. लढाई संपली, नियम राहिला. १९२० साली पासपोर्टचा वेगळा कायदा झाला. त्याच वर्षी पॅरिसला देशोदेशीचे लोक बसले आणि पुस्तिका साधारण एकसारखी असावी असं ठरवलं.

इंग्रजांच्या काळच्या पासपोर्टात नवऱ्याच्या फोटोशेजारी बायकोच्या फोटोला जागा असायची. एकच पुस्तिका, ती नवऱ्याची. बायको त्यात एक नोंद. आपल्या घरात रेशनकार्ड कोणाच्या नावावर असायचं, ते आठवा म्हणजे कळेल.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर अशी पाचच पासपोर्ट कार्यालयं सुरू झाली. आपल्या सातपुड्यातून मुंबई किंवा नागपूर म्हणजे दुसरा मुलूखच. शिवाय पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. दिला तर उपकार.

ते बदललं १९६७ साली. एका व्यापाऱ्याचा पासपोर्ट सरकारने परत मागितला म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये निकाल दिला, की परदेशी जाता येणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, कायद्याशिवाय तो काढून घेता येणार नाही. मग त्याच जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. आजही तोच चालतो. पुढे १९७७ साली मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने कारण न सांगता जमा करून घेतला. १९७८ साली न्यायालयाने सांगितलं की कायदा दाखवला म्हणजे झालं असं नाही, रीत न्यायाची हवी, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं.

बायांनो, या दोन निकालांमुळे खिडकीवर आपली पोर हात जोडून उभी राहत नाही, हक्काने उभी राहते. अर्ज अडवला तर कारण विचारायचं आणि ते लिहून घ्यायचं.

व्हिसा म्हणजे काय

पुष्कळ जणी दोन्ही एकच समजतात. आम्ही बैठकीत असं सांगतो. पासपोर्ट म्हणजे आपल्या गावाचा दाखला, की ही आमची. व्हिसा म्हणजे ज्या गावाला जायचं त्या गावाची परवानगी, की ये. पहिला आपलं सरकार देतं, दुसरा परक्याचं. पहिल्यावर आपला हक्क आहे. दुसऱ्यावर नाही, तिथे पटवून द्यावं लागतं.

ही परवानगीसुद्धा हळूहळू कडक होत गेली. अमेरिकेने १९१७ साली कायदा करून आपल्याकडच्या मजुरांना बंदी केली, विद्यार्थ्यांना तेवढं वगळलं. १९२४ च्या कायद्यापासून तिथे व्हिसाची रीत पक्की झाली. इंग्लंडचं वेगळं होतं. आपण त्यांच्या राज्यातले म्हणून १९६२ पर्यंत आपली माणसं तिथे मोकळेपणाने जात. त्या वर्षी कायद्याने अडवायला सुरुवात झाली आणि १९८६ पासून भारतातून जाणाऱ्याला आधी व्हिसा काढूनच निघावं लागतं.

आज इंग्लंडला शिकायला जायचं, तर विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र लागतं. फीचे आणि राहण्याचे पैसे बँकेत सलग २८ दिवस असल्याचा पुरावा लागतो, किंवा सरकारी शिष्यवृत्तीचं पत्र. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर टीबीची तपासणी लागते. अमेरिकेला जायचं तर मुंबईला त्यांच्या वकिलातीत समोर उभं राहून बोलावं लागतं. विचारतात तेच, जे श्रीरामपूरच्या लोकांनी आनंदीबाईंना विचारलं होतं. फरक एवढाच की आता उत्तराला कागद जोडावा लागतो.

आदिवासी पोरींची वाट

आपल्या जिल्ह्यात आदिवासी वस्ती सगळ्यात जास्त. आपल्यातलं कोणी पूर्वी गेलं होतं का, असं पोरी विचारतात. गेलं होतं. झारखंडचे जयपालसिंह मुंडा, मुंडा समाजाच्या खेड्यातले. मिशनच्या धर्मगुरूंच्या मदतीने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्डला शिकले. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ते भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार होते. पुढे संविधान सभेत बसून आदिवासींच्या बाजूने बोलले. त्यांनाही जामीन माणूसच होता.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी सरकारने घेतली. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ साली सुरू झाली. आज त्यात अनुसूचित जमातीसाठी देशभरात वर्षाला २० जागा आहेत, त्यातल्या ३ कातकरी, कोलाम, माडिया यांच्यासारख्या जास्त मागे राहिलेल्या जमातींसाठी. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. अटी आणि तारखा दर वर्षीच्या जाहिरातीत बघाव्यात. जागा थोड्या, पण पोरीला घरचे दागिने मोडावे लागत नाहीत.

राज्य जामीन राहतं, पण ते कागद बघून. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात, कारण अनुसूचित जमातींची यादी त्या तारखेला निघाली. म्हणजे पणजोबा-आजोबांचा कागद. पाड्यावर जन्मलेल्या, शाळा न बघितलेल्या म्हाताऱ्याचा कागद आणायचा कुठून?

एका पोरीचं एक वर्ष

आता आमच्या गटातली गोष्ट सांगतो. पोरीची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. धडगावकडच्या पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकलेली. आई आमच्या गटाची सभासद. पोरीला इंग्लंडच्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला प्रवेश मिळाला. पत्र जानेवारीत आलं, शिक्षण सप्टेंबरात सुरू होणार होतं. आठ महिने हातात, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

वैधता प्रमाणपत्र तिच्याकडे बारावीपासूनच होतं. तिचे आजोबा दोनच वर्षं शाळेत गेले होते, पण ती शाळा १९५० च्या आधीची. शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांच्या नावाची एक ओळ निघाली. त्या एका ओळीवर नातीचं प्रमाणपत्र झालं.

अडलं दुसरीकडेच. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. हे आपल्याकडे घरोघर आहे. आईला तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळेत नाव घालताना १ जून लिहायचे. आधार कार्डावर तारीख होती १ जानेवारी. तिथेही नुसतं वय सांगितलं, की यंत्र १ जानेवारी धरतं. आडनावाचं तिसरंच. एका कागदावर इंग्रजीत व्ही लिहिलेला, दुसऱ्यावर डब्ल्यू. आपल्या वसावे, वळवी, पाडवी मंडळींना हे नवीन नाही. आणि आईचं नाव दाखल्यावर एक, पासबुकावर दुसरं.

ते पासबुक आम्ही काढून दिलं होतं. गटाच्या बायांची खाती उघडली, त्या दिवशी चाळीस फॉर्म भरायचे होते. सगळे तिला ज्या नावाने हाक मारतात तेच नाव आम्ही लिहून टाकलं. कोण बघतंय, असं तेव्हा वाटलं. बारा वर्षांनी तिच्या पोरीच्या कागदाला ते आडवं आलं. ही चूक आमची, म्हणून रेडिओवर सांगतो.

पासपोर्टच्या खिडकीवर फाईल थांबली. आधी आधार दुरुस्त करा, मग या. आधारची दुरुस्ती झाली, पुढची तारीख मिळाली ती एप्रिलमध्ये. मग पोलीस चौकशी. अर्जात पत्ता पाड्याचा दिला होता. पोर शहरात वसतिगृहात, आई-बाप होळी करून परत गुजरातेत ऊसतोडीला गेलेले. हवालदार डोंगर चढून पाड्यावर आले, तर घराला कुलूप. पत्त्यावर कोणी आढळलं नाही, असा शेरा गेला. तो निस्तरून पासपोर्ट हातात आला तेव्हा पावसाळा लागला होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख निघून गेली होती. पोरीचं वर्ष गेलं.

ती रडली नाही, आई रडली. म्हणाली, "मी तिला माझं नाव पण नीट दिलं नाही." ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

विद्यापीठाने प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलून दिला. ती वर्षभर गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या कामात मदत करत राहिली. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीच्या यादीत नाव लागलं, व्हिसा वेळेत झाला आणि ती गेली. सगळ्यांचं असं होईलच असं नाही. एक वर्ष घरी बसलेल्या पोरीचं आपल्याकडे काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. लग्न ठरतं.

काय बदललं आहे

काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. पूर्वी १९८९ च्या २६ जानेवारीनंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्माचाच दाखला लागायचा. घरी सुइणीच्या हातून जन्मलेल्या पोरींकडे तो कुठून असणार? डिसेंबर २०१६ मध्ये नियम बदलला. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन असे कागदही जन्मतारखेसाठी चालू लागले. त्याच वेळी आई किंवा बाप, एकाचंच नाव दिलं तरी चालेल असं झालं. एकट्या आईने वाढवलेल्या पोरीला बापाचा कागद शोधत फिरावं लागत नाही. लग्नाच्या दाखल्याची अटही गेली. ज्या पुस्तिकेत बाई नवऱ्याशेजारचा फोटो होती, तिच्यात आता एकट्या आईचं नाव पुरतं. शंभर वर्षं लागली त्याला.

केंद्रंही जवळ आली. जानेवारी २०१७ पासून पोस्टातली पासपोर्ट केंद्रं सुरू झाली, त्यातलं अगदी पहिल्या दोनांतलं एक गुजरातच्या आदिवासी दाहोद जिल्ह्यात. आता अर्ज भरतानाच जवळचं केंद्र निवडता येतं.

पण एक नवा नियम नीट ऐका. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेसाठी पासपोर्टला जन्माचाच दाखला लागणार. दुसरा कागद चालणार नाही. म्हणजे आज पाळण्यात असलेली पोर वीस-बावीस वर्षांनी परदेशी जाईल की नाही, ते तुम्ही या महिन्यात ग्रामपंचायतीत जाता की नाही यावर आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं. दाखल्यात बाळाचं नावही घालून घ्या, नाव नसलेला दाखला अर्धाच.

२९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यात, टेंभली गावात, एका बाईच्या हाती दिला गेला. पंतप्रधान आले होते, सगळ्या देशाने फोटो बघितला. कागदाच्या बाबतीत नंदुरबारचं नाव असं पुढे लागलं आहे. पण कागद मिळणं वेगळं आणि तो बरोबर असणं वेगळं. त्या पोरीच्या वर्षाने आम्हाला हे शिकवलं.

आता आपण काय करायचं

आनंदीबाईंना कार्पेंटरबाई जामीन होत्या, बाबासाहेबांना महाराज. आपल्या पोरींना कागद जामीन आहे, आणि त्या कागदावरचा पहिला शब्द आपण सांगतो तो लिहिला जातो. म्हणून आम्ही आमच्या गटांत असं ठरवलं आहे.

पोर दहावीला गेली की एका बैठकीत तिचे सगळे कागद सतरंजीवर मांडायचे. जन्माचा किंवा शाळेचा दाखला, आधार, जातीचा दाखला, पासबुक. पोरीनेच मोठ्याने वाचायचं. तिचं नाव, आडनाव, आईचं नाव, बापाचं नाव, तारीख. इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर. जिथे फरक दिसेल तिथे खूण करायची आणि दहावीचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त करायचं, कारण पुढे सगळं बोर्डाच्या कागदावरून चालतं.

पासपोर्ट प्रवेशाची वाट बघत ठेवायचा नाही. अठरा पुरी झाली की काढायचा, दहा वर्षं चालतो. फी १५०० रुपये, गटातून कर्ज देऊ. दहावी पास पोरीला कामासाठी जाताना लागणारी वेगळी सरकारी तपासणीही लागत नाही, म्हणून दहावीचं प्रमाणपत्र जोडायचं. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करायचा, तसली दिसणारी खोटी पानं पुष्कळ आहेत.

चौकशीच्या दिवसांत घर बंद ठेवायचं नाही. ऊसतोडीला जायचं असेल तर गटाच्या एका बाईचा फोन नंबर शेजारी, पोलीस पाटलाकडे ठेवून जायचं.

एजंटाच्या हाती मूळ कागद द्यायचा नाही. पासपोर्ट सरकारच्या मालकीचा असतो, तो अडकवून ठेवायचा हक्क कोणालाही नाही. कोणी म्हणालं, बँकेत पैसे दाखवून देतो, कागद बनवून देतो, तर उठून यायचं. खोटा कागद सापडला तर इंग्लंड दहा वर्षं दार बंद करतं. एजंट दुसरं गिऱ्हाईक बघतो, दहा वर्षं पोरीची जातात.

आणि बायांनो, आपली स्वतःची नावंसुद्धा. पासबुकावर, रेशनकार्डावर, आधारवर आपलं नाव एकच आहे का, ते बघा. आमची चाळीस पासबुकं आम्ही परत तपासली. अकरांत चूक निघाली. सात दुरुस्त झाली, चार बँकेत दिली आहेत.

त्या पोरीचा परवा फोन आला होता. तिकडे पहिल्या दिवशी नाव विचारलं, तिने सांगितलं, समोरच्या बाईने पासपोर्ट बघून तसंच्या तसं लिहून घेतलं. आई शेजारीच बसली होती. तिने फोन हातात घेतला आणि विचारलं, "माझं पण बरोबर लिहिलंय ना?"

पुढच्या सोमवारी बैठकीला येताना पिशवीत कागद घेऊन या. झेरॉक्स नको, मूळ आणा.